बहार घ्यावा की झाड?

गेल्या उन्हाळ्यात अकरावीची परीक्षा आटोपली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा धाकटा मुलगा शिडी लावून माळ्यावर चढला आणि त्याने माझ्या आईची चार पितळी भांडी खाली काढली. एक गुंड, एक घंगाळ, एक परात आणि एक मोठे पातेले. भांड्यांवर वीस वर्षांची धूळ होती.

"बाबा, ही मोडीत द्यायची का? कोणी वापरत तर नाही."

प्रश्न सरळ होता आणि त्यामागचा हिशेब त्याहून सरळ. त्याला एक यंत्र घ्यायचे होते. हातात धरून खेळ खेळायचे. मध्ये सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना बटणे. लॉजिटेक कंपनीने 'जी क्लाउड' या नावाने ते २०२२ साली अमेरिकेत बाजारात आणले, तेव्हा किंमत होती साडेतीनशे डॉलर. आपल्या पैशात तीस हजारांच्या घरात. त्याचा आतेभाऊ न्यू जर्सीहून हिवाळ्यात येणार आहे, तो आणून देईल. बारा हजार रुपये त्याच्याजवळ होतेच. संत्र्याच्या हंगामात सुटीच्या दिवशी एका व्यापाऱ्याकडे क्रेट मोजायला आणि वहीत टिपायला बसून त्याने ते कमावले होते. भांडी वीस-एकवीस किलो भरतील, त्यांचे दहा हजार येतील. उरलेले आठ हजार मी घालावेत, अशी विनंती.

मी तीस वर्षे शाळेत आहे. या काळात मुलांच्या हातातल्या किती वस्तूंना मी 'नाही' म्हटले याची यादी केली तर एक वही भरेल. वॉकमन, केबल टीव्ही, व्हिडिओ गेमचे डबडे, मोबाईल. माझ्या स्वतःच्या वडिलांनी कादंबरीला 'नाही' म्हटले होते. प्रत्येक वेळी वस्तू घरात आलीच, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला तिचा विचार करण्याची संधी तेवढी गेली. म्हणून या वेळी ठरवले की खेळ चांगले की वाईट, या वादात शिरायचेच नाही. पैसे लावून खेळण्याचा जो ऑनलाइन जुगार होता, त्याच्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. हे खेळ त्यातले नव्हेत. मुलगा अभ्यास सांभाळतो, स्वतः कमावलेले पैसे घालतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की ही वस्तू त्या पैशांच्या लायकीची आहे काय? आणि वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका बाजारातला नाही. 'लायकी' हा शब्द आला की नीतिशास्त्र मागच्या दाराने आत येतेच.

यंत्र काय करते, ते मी आधी समजून घेतले. मोठे खेळ चालवायला ताकदवान संगणक लागतो. त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. या यंत्रात तेवढी ताकद नाही. मधल्या प्रतीच्या मोबाईलइतकीच आहे. छोटे-मोठे खेळ त्यात उतरवून घेता येतात, पण ते घेण्याचे कारण ते नव्हे. खेळ चालतो दूर कुठल्याशा शहरात, कंपनीच्या संगणकांच्या कोठारात. आपण इथे बटण दाबले की तो दाब तारेने तिकडे जातो, तिकडचा संगणक खेळ पुढे सरकवतो, बदललेले चित्र तयार करतो आणि चलच्चित्रासारखे आपल्याकडे पाठवतो. सेकंदाला साठ चित्रे. जड काम सगळे दुसरीकडे होत असल्याने यंत्र अर्ध्या किलोहून हलके आहे आणि एकदा चार्ज केले की बारा तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. ही व्यवस्था खरोखर अचंब्याची आहे, आणि हे मान्य न करणारा विचार कोता ठरेल.

नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरांच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे मुंबईला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. उशीर होतो तो वाटेतल्या थांब्यांवर, आणि आपल्यासारख्या गावात तर शेवटच्या टॉवरवर, जिथे संध्याकाळी सगळे गाव एकदम मोबाईल उघडून बसते.

शिवाय डेटा. चांगले चित्र हवे तर सेकंदाला दहा मेगाबिटांचा प्रवाह लागतो. मुलालाच म्हटले, मांड गणित. तासाचे सेकंद तीन हजार सहाशे, गुणिले दहा, भागिले आठ. उत्तर आले तासाला साडेचार जीबी. मोबाईलच्या पॅकमध्ये रोजचे दोन जीबी मिळत असतील, तर खेळ सत्तावीस मिनिटांत आटोपतो. मुलगा म्हणाला, "मग घरी फायबर घेऊ." म्हणजे तीस हजारांवर आणखी एक मासिक खर्च. त्यावर खेळांच्या सेवेची वर्गणी वेगळी.

इथे मला आपल्या भागातला रोजचा व्यवहार आठवला. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा या पट्ट्यात संत्र्याचा बगीचा 'देतात', हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. व्यापारी येतो, झाडांवरून नजर फिरवतो, आंबिया बहाराचा किंवा मृग बहाराचा अंदाज बांधतो आणि सौदा करतो. तो बहार घेतो, झाड घेत नाही. झाडाखालची जमीन तर नाहीच. फळ उतरले की त्याचा आणि बगीच्याचा संबंध संपला. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण दोघांनाही ठाऊक असते की सौदा कशाचा झाला. बहाराला झाडाची किंमत देणारा व्यापारी मी अजून पाहिला नाही.

रोमन कायद्याच्या परंपरेतल्या पंडितांनी मालकी या एका शब्दाच्या पोटात तीन हक्क वेगळे करून दाखवले होते. वस्तू वापरण्याचा हक्क, तिची फळे घेण्याचा हक्क आणि तिची विल्हेवाट लावण्याचा हक्क. तिन्ही एका हातात असतील तर पूर्ण मालकी. आपला शेतकरी लॅटिन न शिकता हे जाणतो. ठेक्याने दिलेल्या शेतात पेरायचे कोणी, कापायचे कोणी आणि बांधावरचे बाभळीचे झाड तोडायचे कोणी, यावर आपल्याकडे वाद होतात, पण घोटाळा होत नाही.

मग मी मुलाला विचारले, "या तीस हजारांत तू तिन्हींपैकी काय घेतोस?"

तो थोडा वेळ गप्प बसला. यंत्र त्याचे, यात शंका नाही. ते तो विकू शकतो, फोडूही शकतो. पण ज्यासाठी यंत्र घ्यायचे तो खेळ त्याचा नाही. तो दर महिन्याच्या वर्गणीवर, कंपनीच्या मर्जीवर आणि टॉवरच्या कृपेवर. मी म्हटले, "बापू, ही तर टोपली झाली. टोपली विकत, बहार भाड्याने आणि झाड परक्याचे."

मला वाटले मी वाद जिंकला. हेडमास्तरांना असे वारंवार वाटते.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही वाचनालयातून पुस्तकं आणता. ती कुठं तुमची असतात? शाळा तुमची आहे का? आजोबांनी सारी जिंदगी बटईनं शेती केली, ती जमीन कुठं त्यांची होती? पण पीक तर घरी आलं ना? लाखाचा कॉम्प्युटर आपण कधी घेणार नाही. तो असणाऱ्यांनीच खेळावं का मग?"

हा प्रश्न खरा होता. माझे सारे शिक्षण उसन्या पुस्तकांवर झाले. एम.ए.ची पुस्तके विकत घ्यायची ठरवली असती तर मी आज दुसरेच काही करत असतो. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याला भाड्याने, वाट्याने, उसनवारीने मिळणे हाच जगाचा दरवाजा. मालकीचा आग्रह धरणे हे पुष्कळदा पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान असते. अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते की संपत्ती बाळगण्यापेक्षा वापरण्यात अधिक असते. ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र त्यागून भोगायला सांगतो आणि पुढे विचारतो की धन कोणाचे आहे. या दोघांना पंच म्हणून बसवले तर निकाल मुलाच्या बाजूने लागतो. माळ्यावर वीस वर्षे धूळ खाणारा गुंड पूर्ण मालकीचा होता, आणि त्याने या वीस वर्षांत कोणाला घोटभर पाणी पाजले नव्हते.

तेव्हा 'आपले नाही म्हणून घेऊ नये' हा माझा मुद्दा मी मागे घेतला. पण मनातली अढी जाईना. ती कशाची आहे, हे शोधायला मी या धंद्याचा इतिहास चाळला.

ऑनलाइव्ह नावाच्या कंपनीने २०१० साली अमेरिकेत ही व्यवस्था सुरू केली. ३० एप्रिल २०१५ ला ती बंद पडली आणि तिची पेटंटे सोनीने घेतली. लोकांच्या घरातली तिची छोटी यंत्रे त्या दिवसापासून नुसते डबे झाली. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया आणली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. पुरती सव्वातीन वर्षेही नाहीत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गूगलने त्यांच्याकडून घेतलेल्या यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले आणि हातातला कंट्रोलर दुसऱ्या यंत्रांना जोडता येईल अशी सोय करून दिली. पण मासिक वर्गणी परत मिळाली नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली निघाला होता. लोकांनी त्याच्या तबकड्या दुकानातून विकत नेल्या होत्या. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि तबकडी घरात असूनही खेळ चालेना. पुस्तकेही यातून सुटली नाहीत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याला हक्कच नव्हता, असे कारण निघाले. पैसे परत झाले, माफीही मागितली गेली. पण रात्रीतून कोणी आपल्या कपाटातले पुस्तक नेले आणि जागेवर पैसे ठेवले, तर आपण त्याला काय म्हणू?

आणि भाडे? मायक्रोसॉफ्टच्या गेम पासच्या सर्वांत वरच्या वर्गणीचा अमेरिकेतला दर ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला २० डॉलरांवरून ३० डॉलरांवर नेला गेला. एका झटक्यात दीडपट. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच कंपनीची क्लाउड सेवा भारतातही आली. माझ्या मुलाची घाई तिथूनच सुरू झाली होती.

या सगळ्यातून मला वाचनालय आणि ही सेवा यांतला फरक दिसला. पुस्तक दोन्हीकडे आपले नाही. पण वाचनालयाची वर्गणी वाढवायची तर सभा होते. त्या सभेत मी उठून बोलू शकतो, आणि बोललोही आहे. बटईचा मालक गावातच राहतो. त्याच्या दारात जाऊन बसता येते. आपली नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ साली बंद झाली तेव्हा लोधीखेड्याच्या स्टेशनावर किती वर्षे शुकशुकाट होता! ती गाडी आपल्यापैकी कोणाच्याही मालकीची नव्हती. पण ती का बंद होते आणि तिच्या जागी काय येणार हे आधी सांगितले गेले होते, उशीर झाला तर निवेदन कोणाला द्यायचे हे ठाऊक होते, आणि अखेर मोठी लाइन आली. उसने घेतलेल्या वस्तूला आधार असतो तो उत्तर मागण्याच्या जागेचा. ज्या भाड्याचा दर एकतर्फी वाढतो, अटी एकतर्फी बदलतात आणि दार कोणत्या दिवशी बंद होईल ते घरमालकच ठरवतो, त्या भाड्यात बटईतला बरोबरीचा अंश राहत नाही.

सीमेवरच्या आपल्या माणसांना हे अधिक लवकर कळावे. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर एका राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. रेघ कुठे पडणार हे दूर ठरते आणि आपण सकाळी उठून पत्ता बदलतो. अशा माणसाने आपला आनंद कोणाच्या हातातल्या दोरीला बांधायचा, याचा थोडा अधिक विचार करावा. एवढेच.

दरम्यान भांड्यांचा प्रश्न तसाच होता. एका सकाळी आम्ही बापलेक ती घेऊन ओळखीच्या भांडेवाल्याकडे गेलो. त्याने गुंड उलटा केला, पुसला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आईचे नाव आणि १९६८ हे साल उजेडात आले. लग्नात मिळालेला गुंड. आपल्याकडे पूर्वी भांडे घेतले की दुकानातच नाव घालून घेत. लग्नाच्या पंगतीत, गावजेवणात शंभर घरची भांडी एकत्र होत आणि संध्याकाळी नाव वाचून ज्याच्या-त्याच्या घरी परत जात. म्हणजे नाव मिरवण्यासाठी नव्हते. भांडे उसने देता यावे म्हणून होते. हे मला त्या दुकानात उभे असताना पहिल्यांदा सुचले. ज्याच्यावर आपले नाव आहे तेच आपण निर्धास्तपणे दुसऱ्याला देऊ शकतो. मुलाचा भाड्याचा खेळ त्याला मित्राला महिनाभर वापरायला देता येईल? वापरून झाल्यावर धाकट्या भावंडाला? माझ्या मुलाला त्याच्या मुलाला देता येईल? कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे असा माल विकताना, हा फक्त वापरण्याचा परवाना आहे असे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. एका शब्दाच्या खरेपणासाठी कायदा करावा लागला, यावरून घोटाळा किती खोल आहे ते कळते.

भांडेवाला म्हणाला, "काहून मोडता गुरुजी? असा जाड पत्रा आता नाई भेटत. अन् नावाचं काई वेगळं वजन धरत नाई आमी."

मुलगा हसला. मग त्यानेच परात आणि पातेले वेगळे केले. त्यांच्यावर नाव नव्हते, पत्राही झिजला होता. "ही दोन देऊ," तो म्हणाला. "गुंड-घंगाळ राहू द्या." मी काही बोललो नाही. सौदा त्याने केला. पैसे त्याच्याच खिशात गेले.

पुढे आम्ही एक तडजोड केली. यंत्र घेण्याआधी महिनाभर बहार चाखून पाहायचा. मोबाईलला दोन्ही बाजूंनी बसणारे बटणांचे साधन मिळते. ते एका मित्राकडून उसने आणले. एका सेवेची एका महिन्याची वर्गणी मी भरली. सकाळी सहा-सात वाजता खेळ बरा चाले. मीही एकदा मोटार चालवून पाहिली आणि दुसऱ्याच वळणावर दरीत घातली. दुपारी बरा, कधी अडखळत. संध्याकाळी सातनंतर मात्र बटण आता दाबावे आणि गाडी मागाहून वळावी, अशी गत. पोरगा वैतागून छतावर जाऊन बसे, तिथे टॉवर जरा जवळ वाटतो म्हणून. महिना संपला त्या दिवशी त्याने दोन खेळ अर्धे सोडले होते. ते त्याला पुढे खेळायचे असतील तर पुन्हा वर्गणी भरणे आले. हे त्याने मला स्वतःहून सांगितले.

मग त्याने आपला निर्णय सांगितला. या वर्षी घ्यायचे नाही. गावात संध्याकाळचे नेटवर्क सुधारले, किंवा पुढच्या वर्षी तो शिकायला नागपूरला गेला, तर पुन्हा विचार करायचा. तेव्हाही मोबाईल आणि उसने साधन यांवर जे भागते त्यासाठी तीस हजार घालायचे की खेळ पोटात साठवून, तारेवाचून चालणारे यंत्र घ्यायचे, ते पाहायचे. मला हा निर्णय पटला. त्याने उलटा निर्णय घेतला असता तरी मी आडवा आलो नसतो, फक्त वहीत खरे लिही म्हटले असते. 'यंत्र घेतले : टोपलीची किंमत. वर्गणी : या महिन्याचा बहार.' एवढे खरे लिहिले की किती द्यायचे ते माणसाला आपोआप कळते. आपण पैसा उधळतो तो बहुधा लोभाने नव्हे. वस्तूचे नाव चुकीचे लिहिल्याने.

माझ्याकडून मात्र एक हिशेब बाकी होता. पूर्ण मालकीचा गुंड वीस वर्षे माळ्यावर ठेवणाऱ्याने वापराविषयी मुलाला उपदेश करू नये. चिंच आणि राखेने तो घासला, आतून कल्हई करून घेतली. मे महिन्यात पोर्चमध्ये पाणी भरून ठेवला. येणारे-जाणारे पितात. शेजाऱ्यांकडे लग्न होते तेव्हा घंगाळही मागून नेले. चार दिवसांनी ते परत आले, नाव वाचून.